मोठीचं वय किती?

नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर या वस्तीच्या समाजमंदिरात मी दर मंगळवारी दुपारी समुपदेशनासाठी बसते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल, तुर्भ्याला उतरून थोडी पायपीट, मग एक लाकडी टेबल, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चालला तर चालला असा पंखा. या टेबलापलीकडून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली बाई खुर्चीत टेकायच्या आधीच ते मला ऐकू येतं. ‘ताई, काम मिळतंय, करायचंही आहे, पण मी बाहेर पडले तर पोरं वाया जातील.’

धुणीभांडी करणारी हे म्हणते, मजूरनाक्यावर उभी राहणारी म्हणते. जिला नवरा नाही ती म्हणते आणि जिचा असून नसल्यासारखा आहे तीही म्हणते. गेल्याच महिन्यात वाशीच्या एका सोसायटीतल्या शिकलेल्या बाईनंही मला फोनवर हेच विचारलं, फक्त ‘वाया’च्या जागी ‘मुलांवर परिणाम’ असा शब्द होता. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहावं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आठ-नऊ भेटींमधलं जेवढं लक्षात राहिलं तेवढंच इथे आलं आहे.

बाई तिशीची, माहेर बीडकडचं. नवरा एपीएमसीच्या भाजी मार्केटात रात्री हमालीला. तीन मुलं: एक मुलगी, पालिकेच्या शाळेत दुसरीत जाणारा मधला मुलगा आणि अडीच वर्षांचा धाकटा. घरात लसूण सोलायचं काम. मार्केटाजवळच्या वस्त्यांमध्ये हे काम घरोघर चालतं. गोणी दारात येऊन पडते, पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, सोलायच्या आणि किलोवर पैसे घ्यायचे. हॉटेलात जाणारा तो सोललेला पांढराशुभ्र लसूण असा तयार होतो, आणि सोलणाऱ्यांची बोटं चरचरत राहतात.

तिच्या बचतगटानं एमआयडीसीतल्या कामगारांसाठी डबे सुरू केले होते. भाकरीला हात हवा होता आणि हिच्यासारखी भाकरी वस्तीत कोणाची नाही असं गटाच्या अध्यक्षबाईंचं म्हणणं. वेळ पहाटे पाच ते दुपारी एक. पैसे लसणाच्या दुपटीहून जास्त. हिनं तीनदा ‘नाही’ म्हटलं होतं. शेवटी अध्यक्षबाईच तिला धरून माझ्याकडे घेऊन आल्या.

पहिल्या भेटीत मी चुकले, हे आधी सांगून टाकते. मी तिला पायावर उभं राहण्याचं महत्त्व सांगितलं. याच वस्तीतल्या दोन बायांची उदाहरणं दिली. तिच्या नावावर खातं आहे, लाडकी बहीणचे पंधराशे त्यात येतात, आता त्यात स्वतःच्या कमाईचे पैसे जमा झाले तर कसं वाटेल, असंही विचारलं. ती प्रत्येक वाक्याला ‘हो ताई’ म्हणत होती. मी खूश. पुढचे दोन मंगळवार ती आलीच नाही.

या कामात नव्यानं आलेल्या मुलींना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: आपल्याकडे ‘हो ताई’ हा सगळ्यात सभ्य नकार असतो. बाई वाद घालायला लागली की समजावं, आता काम सुरू झालं.

तिसऱ्या मंगळवारी ती आली ती लसणाचं घमेलं घेऊनच. माल संध्याकाळी द्यायचा होता. शेजारी मुलगी, मुलीच्या मांडीवर धाकटा. आई बोलत होती आणि दोघींचे हात चालू होते. मुलीच्या बोटांची टोकं सोलवटून गुलाबी झाली होती.

‘वाया जातील म्हणजे नेमकं काय होईल?’ मी विचारलं.

‘आता काय सांगू ताई. पोरं गुटख्याला लागत्यात. मोबाइलवर पडून राहत्यात. हायवेवर जात्यात. पोरीचं तर सांगायलाच नको.’

यातली एकही भीती खोटी नाही. बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रेलर धडधडत असतात, ते मलाही ऐकू येतं. मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत घडलेली. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ती मांडली. माणसाला त्रास होतो तो नुसत्या घटनेचा नव्हे, त्या घटनेला आपण जो अर्थ लावतो त्याचा, हा तिचा गाभा. पण पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला ‘तुमचा विचारच चुकीचा आहे’ असं सांगणं हा मला उद्धटपणा वाटतो. आधी तिच्या भीतीतलं खरं किती ते मान्य करायचं आणि मग उरतं काय ते बघायचं, ही माझी पद्धत. अनुभवानं सांगते, बहुतेक वेळा जे उरतं त्यातच गाठ असते.

मी तिच्या घमेल्यातल्या सोळा पाकळ्या टेबलावर मांडल्या. ‘मोठी सहाला उठते, दहाला झोपते. हे तिचे सोळा तास. कुठं कुठं जातात ते लावून दाखवा.’

तिला गंमत वाटली. हिशेबात बाई पक्की. एक पाकळी नळाच्या पाण्याला. एक मधल्याचं आवरून त्याला शाळेत पोचवायला. तीन स्वयंपाक आणि भांड्यांना. चार धाकट्याला सांभाळायला. सहा लसणाला. एक उरली.

‘ही टीव्हीची,’ ती म्हणाली. मग स्वतःच हसली. ‘तवा बी म्होरं लसूण असतोच म्हना.’

‘आणि तुम्ही घरी राहून पोरांकडे बघता ते यातल्या कोणत्या तासाला?’

हात थांबले. ‘म्या... म्या हायच की घरात.’ थोड्या वेळानं, ‘बघती तशी मोठीच.’

‘मोठीचं वय किती?’

‘अकरावं सरलं.’

मी पुढे काही बोलले नाही. बोलण्याचा मोह फार झाला होता. एवढं अचूक वाक्य तोंडात तयार असताना गप्प बसणं मला वीस वर्षांनंतरही जड जातं. पंखा त्या दिवशी बंदच होता. धाकट्यानं एक पाकळी तोंडात घातली, मुलीनं बोट घालून ती काढली.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मही आई कोयत्यावर जायची, ऊस तोडाया. दिवाळी झाली की गाडीत बसायचं, सहा महिने पाचटाच्या कोपीत. आई-बाप फडात, आन म्या दोन भावांना घेऊन कोपीत. एक चुलीवर भाजला होता. लई मार खाल्ला मंग म्या. नऊ वर्साची आसंल.’ आणि मग, ‘मला बी मोठीच म्हणायचे.’

मला जे उमगलं ते तेव्हा. तिला पुढे काय होईल याची भीती वाटतच नव्हती. काय झालं होतं ते तिला आठवत होतं. आई कामाला गेली म्हणजे काय होतं, तर भाऊ भाजतो आणि मार मोठीला बसतो. ही तिच्या अंगात मुरलेली व्याख्या. म्हणून ती घरी थांबली होती. आणि घरी थांबूनही शेजारी तिचीच दुसरी आवृत्ती लसूण सोलत बसली होती. आपल्या भाषेतही हा घोळ आहेच: पहिल्या मुलीला आपण ‘मोठी’ म्हणतो आणि मग ती मोठी आहे असं खरंच धरून चालतो.

एवढ्यात त्या मुलीनं हात पुढे केला. लसणाच्या ढिगातल्या सहाच्या सहा पाकळ्या तिनं उचलल्या आणि बाजूला वेगळ्या मांडल्या.

‘हे काय गं?’ आई म्हणाली.

‘शाळेला सहा लागतात,’ ती म्हणाली. एवढंच, आणि परत सोलायला लागली.

हा प्रसंग मी प्रशिक्षणांतही सांगते, आणि सांगताना थोडा अभिमानही वाटतो, हे लपवत नाही. पाकळ्या मांडायची युक्ती माझी होती. पण त्या हलवल्या मुलीनं. पूर्ण संसाराचं गणित तिच्या डोक्यात तयार होतं, तिला कोणी विचारलं नव्हतं.

आता जे वाचक याच काळजीनं हे वाचत असतील त्यांच्यासाठी. ‘पोरांचं कसं होणार’ हा एक प्रश्न नसतो. तो तासांमध्ये फोडावा लागतो: कोणता तास, कोणतं मूल, त्या वेळी जवळ कोण. फोडला की बहुतेक तासांना माणूस सापडतो आणि दोन-तीनच तास खरे अवघड निघतात. त्या दोन-तीन तासांसाठी सगळी ताकद लावायची.

तिच्या बाबतीत पहाटे पाच ते आठ हा पहिला अवघड तुकडा. नवरा साधारण त्याच वेळी मार्केटातून येऊन झोपतो. ‘त्यांना विचारलंत?’ ‘त्यांना कसं इचारू, रातभर वझं वाहून येत्यात.’ लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मुलांना सांभाळायला तिनं त्याला एकदाही सांगितलेलं नव्हतं. आम्ही एक वाक्य ठरवलं, ते तिनं माझ्यासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. तक्रार नाही, टोमणा नाही, फक्त वेळ आणि काम. पुढच्या मंगळवारी तिनं त्याचं उत्तर आणलं: ‘म्या दारातच झोपतो. कुनी भाहेर निघालं तर मह्या अंगावरूनच जाईल.’ बालसंगोपनाच्या कोणत्याही पुस्तकात ही व्यवस्था नाही. मुलं झोपलेली असतात त्या वेळेपुरती ती चालली.

दुसरा तुकडा आठ ते एक, धाकट्याचा. अंगणवाडीतलं पूर्वप्राथमिक तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असतं, त्याला सहा महिने कमी पडत होते. डब्याच्या कामात असलेल्या आणखी दोघींची मुलंही लहान होती. तिघींनी मिळून त्याच गल्लीतल्या एका आजींना महिन्याचे पैसे ठरवून दिले. फुकट नाही, हे मी ठासून सांगितलं. फुकट सांभाळणारी माणसं उपकार मोजतात आणि एक दिवस थकतात.

शाळेचं त्यामानानं सोपं. मुलीनं गावाकडे तिसरी केली होती, दाखला तिथेच राहिलेला. कागद नाही म्हणून आई दोन वर्षं शाळेच्या फाटकापर्यंतही गेली नव्हती. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं, मागे पडलेलं विशेष शिकवून भरून काढायचं आणि दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. मी सोबत गेले नाही. चार वाक्यं कागदावर लिहून दिली आणि अध्यक्षबाईंना तिच्याबरोबर पाठवलं. मुलगी पाचवीत बसली.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्याच महिन्यात आजी जत्रेला गावी गेल्या त्या पंधरा दिवस. त्यातच धाकट्याला ताप. मुलगी चार दिवस घरी राहिली आणि बाई माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘बगा, म्हनलं व्हतं ना म्या.’ मी टेबलावर पुन्हा पाकळ्या मांडल्या. लसूण आता माझा, घरून आणलेला. गटानं तिला आठवडाभर दुपारची पाळी दिली आणि काम टिकलं.

या गटाच्या भिंतीवर पंचसूत्री लिहिलेली आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. मी त्यांना एक सहावं सूत्र जोडायला लावलं. बैठकीत पैशांचा हिशेब झाला की प्रत्येकीच्या मुलांची शाळेतली हजेरी विचारायची. सुरुवातीला बाया लाजल्या. आता कोणाची मुलगी चार दिवस दिसली नाही की अध्यक्षबाई तिच्या दारात उभ्या असतात. बाईचं स्वावलंबन तिच्या मुलीच्या शाळेतून वसूल होत असेल तर ते नुसतं कर्ज एका वहीतून दुसऱ्या वहीत लिहिणं आहे, असं माझं मत आहे आणि ते मी संस्थांच्या बैठकांतही बोलते, सगळ्यांना आवडत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. ‘पोरं वाया जातील’ या वाक्यामागे कधी कधी ‘बाहेर पडले तर नवरा मारेल’ हे वाक्य लपलेलं असतं. तिथे पाकळ्या मांडत बसायचं नाही. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन, मुलांसाठी १०९८, आणि तातडीचं असेल तर ११२. जी एकटीच मुलं वाढवते आहे तिनं जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी जरूर करावी. एक पालक गमावलेल्या मुलालाही त्यात दरमहा मदत मिळू शकते.

परवा ती पुन्हा आली. या वेळी हात रिकामे, पदराला पिठाचा माग. चेहरा मात्र पडलेला.

‘काय झालं?’

‘ताई, मोठी लई उलट बोलाया लागली. काल म्हनलं भांडी घास, तर म्हणती, माझा गृहपाठ हाय, पप्पाला सांग. आन ते बी उठले घासाया! शेजारचे काय म्हणतील?’

मी तिच्याकडे बघत राहिले. ‘मग? भांडी घासली का त्यांनी?’

‘घासली,’ ती म्हणाली. ‘पन निघाली न्हाईत नीट.’