आवडलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हाती कसं जाईल?

प्रश्न (कराड): पुस्तक आवडलं की मी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना कळवतो. ‘नक्की वाचतो’ म्हणतात, वाचत मात्र कोणीच नाही.

उत्तर: सगळ्यांना सांगितलेलं आपल्याला सांगितलंय असं कुणालाच वाटत नाही. एकच माणूस निवडा आणि हे पुस्तक त्यालाच का, हे एका वाक्यात सांगा. ‘अप्रतिम’ या शब्दातून काहीच कळत नाही. ‘तुमच्या भागातल्या ऊसतोडीचं इतकं बारीक वर्णन दुसरीकडे नाही’ यातून कळतं. मग एक उतारा वाचून दाखवा. मोठ्यानं वाचताना मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांत छापील दोन पानं. त्याहून जास्त नको. उतारा पहिल्या पानावरचाच असायला हवा असं नाही. पात्रं दोन-तीनच असावीत, मागची कथा सांगावी लागू नये आणि प्रसंगाचा उलगडा होण्याआधी तुम्ही थांबावं. थांबलात की पुस्तक तिथंच हातात द्या. ‘उद्या आणून देतो’ म्हटलं की उत्सुकता विरते. फोनवरून कळवणार असाल तर प्रकाशक, पानं, किंमत आणि कुठं मिळेल हेही लिहा.

प्रश्न (विटा): आम्हा बायकांना पुस्तकांची भिशी सुरू करायची आहे. हिशोब कसा ठेवावा? अशा भिश्या मध्येच बंद का पडतात?

उत्तर: बारा जणी, दरमहा प्रत्येकी २०० रुपये, चिठ्ठी निघेल तिला २४०० रुपयांची पुस्तकं. रोख देऊ नका. ती घरखर्चात जाते, त्यात कुणाचा दोष नसतो. तिनं यादी द्यावी आणि दोघींनी जाऊन खरेदी करावी. एकदम घेताना दुकानदाराकडे सवलत जरूर मागा. औदुंबरला संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. तिथं नवी पुस्तकं दिसली तर यादीत टिपून ठेवा.

बंद पडण्याचं कारण बहुतेकदा एकच: जिची चिठ्ठी निघाली तिला पुढं यायला कारण उरत नाही. म्हणून नियम असा करा की या महिन्यात जिला पुस्तकं मिळाली, तिनं पुढच्या बैठकीत त्यातल्या एकावर सात मिनिटं बोलायचं आणि ते पुस्तक तिथंच दुसरीला द्यायचं. दोनशे पानी वहीत पुस्तक, मालकीण, कुणाकडे गेलं, तारीख असे चार रकाने आखा. वही मात्र एकीकडेच ठेवा. फिरती वही हरवते. भाषणाची धास्ती असेल तर तीन प्रश्न पुरेत: कोणता प्रसंग लक्षात राहिला, कुठं कंटाळा आला, कुणाला द्याल? कंटाळ्याचा प्रश्न वगळू नका. नुसत्या कौतुकानं बैठक लवकर थंडावते.

प्रश्न (सातारा): आवडत्या पुस्तकाचं वाचन रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं तर चालेल का? पीडीएफ पाठवली तर?

उत्तर: परीक्षण करताना त्याच्या आधारापुरता उतारा देण्याची मुभा १९५७च्या कॉपीराइट कायद्यात आहे. तेव्हा स्वतःचं मत मांडा, मध्ये एखादा परिच्छेद वाचा, लेखक-प्रकाशकाचं नाव घ्या. संपूर्ण पुस्तक किंवा अख्खी कथा वाचायची तर लेखी परवानगी हवी. लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो आणि ती मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून सुरू होते. १९६० मध्ये गेलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ पासून मोकळं झालं. अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. इथं अनेक जण चुकतात. हक्क चालू असलेल्या पुस्तकाची पीडीएफ मात्र पाठवू नका. मराठी आवृत्त्या लहान असतात आणि पहिलीच खपली नाही तर दुसरी निघणं अवघड होतं. आवडत्या लेखकाचं असं नुकसान त्याच्या चाहत्यांनीच का करावं?

प्रश्न (वाई तालुका): भिलारसारखं काही आमच्या वाडीत छोट्या प्रमाणात जमेल?

उत्तर: जमेल. ४ मे २०१७ला भिलार पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा पंचवीस ठिकाणी पुस्तकं विषयवार वाटली होती. तेवढं एक तत्त्व घ्या: तीन घरं, प्रत्येकी एक विषय, चाळीस-पन्नास पुस्तकं. कपाट पडवीत, दाराशी, आणि शेजारी बसायला बाक. कुलूप लावलंत तर किल्ली मागायला कोणी येत नाही. तुमच्याकडच्या पावसात फळी भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवा, नाहीतर ओल मागून चढते. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते आणि पानही खराब करते.

प्रश्न (सांगली): बाहेरगावच्या मैत्रिणींना पुस्तकं पाठवायची आहेत, पण कुरिअर परवडत नाही.

उत्तर: टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा १ मे २०२५ला सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत कमाल १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. नियतकालिकं यातून जात नाहीत. पाकीट रस्त्यानं जातं, म्हणून वाढदिवसासाठी आठवडाभर आधी टाका. पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, मग दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावा. आधी कोपरेच मुडपतात.