सीसी बघून रडू नकोस भावा

तू विचारलंस ना की वर्ल्ड सुपरबाइक रेसिंगमध्ये डुकाटीला १२०० सीसी (सीसी म्हणजे इंजिनचा आकार) कसं काय चालायचं आणि बाकीच्यांना १००० च का, तर पहिलं हे डोक्यातून काढ की सीसी सारखी म्हणजे न्याय झाला. ट्विन म्हणजे दोन सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरएवढं जोरात फिरत नाही, म्हणून २००८ पासून डुकाटीसारख्या ट्विनला १२०० दिलं, पण सोबत एअर रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा कमी करणारा भाग) आणि जास्तीचं वजनही गळ्यात बांधलं, फुकट काही नाही मिळालं.

आता २०१९ चा सीझन नीट बघ. डुकाटी स्वतःच चार सिलिंडरची पानिगाले व्ही४ आर घेऊन आली, तिचा रायडर बाउटिस्टाने पहिल्या ११ रेस लागोपाठ मारल्या, मधेच त्या बाइकची आरपीएम लिमिट (इंजिन मिनिटाला किती फेरे फिरू शकतं त्याची मर्यादा) २५० ने कापली तरी तो असेनच्या ट्रॅकवर जिंकलाच!! आणि शेवटी चॅम्पियन कोण, तर कावासाकीवरचा जोनाथन रे, कारण बाउटिस्टा नंतर पडत सुटला. म्हणजे बाइक किती आणि रायडर किती हे वेगळं काढणं लय अवघड, त्यात बाउटिस्टा अंगाने हलका, म्हणून तर २०२४ मध्ये रायडर अधिक बाइक असं एकत्र वजन मोजायचा नियम आणला. नुसत्या टॉप स्पीडवरून भांडू नकोस, कोपऱ्यातून बाहेर पडताना कोण खेचतं ते बघ.