स्टँड-अप चाळीस मिनिटं चालतो, काय करू?

वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअर टीमचं नेतृत्व

काल-परवापर्यंत स्वतः कोड लिहिणाऱ्या आणि आता अजाइल टीम (छोट्या-छोट्या टप्प्यांत काम पूर्ण करत जाणारी) सांभाळायला सांगितलेल्या वाचकांची पत्रं या वेळी जास्त आहेत. त्यांतली निवडक घेतली आहेत.

सहा वर्षं जावा डेव्हलपर होते. महिन्यापूर्वी आठ जणांच्या टीमची स्क्रम मास्टर झाले (स्क्रम ही अजाइलची एक पद्धत, ती टीममध्ये नीट चालते ना हे बघणं माझं काम). रोजचा स्टँड-अप (उभ्याउभ्या घ्यायची छोटी बैठक) 35-40 मिनिटं लांबतो. प्रत्येक जण माझ्याकडे बघून बोलतो, बाकीचे मोबाइल चाळतात. कुठे चुकतंय?
– वाचक, हिंजवडी

टीम हजेरी देतेय, कारण तुम्ही हजेरी घेताय. ‘काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय’ हे तीन प्रश्न माणसागणिक फिरवले की दुसरं काही होत नाही. स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेतून, म्हणजे नोव्हेंबर 2020 च्या स्क्रम गाइडमधून हे प्रश्न काढूनच टाकलेत. पंधरा मिनिटांची मर्यादा मात्र कायम आहे.

माणसांऐवजी बोर्डावरची कार्डं (एक कार्ड म्हणजे एक काम, रकाने म्हणजे त्याचे टप्पे) फिरवा, तीही उजवीकडून, म्हणजे पूर्ण व्हायला आलेलं कार्ड आधी. प्रश्न एकच: “हे आज पुढच्या रकान्यात जायला काय लागेल?”

समजा ‘ओटीपी तीनदा चुकला की खातं लॉक’ हे कार्ड चार दिवस कोड रिव्ह्यूमध्ये (दुसऱ्याने कोड तपासण्याच्या रकान्यात) पडून आहे. माणसागणिक विचारलं तर लिहिणारा सांगतो, “माझं झालं, काल नवीन स्टोरी (ग्राहकाला हवं असलेलं एक काम) घेतली.” रिव्ह्यू करणारा सांगतो, “मी प्रॉडक्शनचा बग बघत होतो.” दोघंही खरं बोलतायत आणि कार्ड जागचं हललेलं नाही. कार्डापासून सुरुवात केली, तर ते कुणाची वाट बघतंय हे लगेच समोर येतं आणि दोघं तिथेच ठरवतात, साडेअकराला अर्धा तास बसू. कार्ड एका रकान्यात जितके दिवस राहील तितके ठिपके त्यावर द्यायची पद्धत ठेवा. जिरा या ऑनलाइन बोर्डावरही हे ठिपके दिसतात. चार ठिपक्यांचं कार्ड दिसलं की वेगळं टोकावं लागत नाही.

चर्चा रंगायला लागली तर विषय बोर्डाच्या कोपऱ्यात ‘नंतर’ म्हणून लिहा. पंधरा मिनिटं झाली की त्या विषयाशी संबंध असलेलेच थांबतील, बाकीचे कामाला.

तुम्ही स्वतः बाजूला उभ्या राहा आणि नजर बोर्डावर ठेवा. कॉल असेल तर स्क्रीन रोज वेगळ्या माणसाने शेअर करावी. पहिले तीन-चार दिवस शांतता पसरेल आणि ती भरून काढायचा मोह होईल. मनात दहा आकडे मोजा, कुणीतरी बोलतंच. दोन आठवड्यांनी एक दिवस रजा घेऊन बघा. त्या दिवशी स्टँड-अप झालाच नाही, तर तो अजून टीमचा नाही, तुमचाच आहे.

डेव्हलपर असण्याची सवय आणखी एका ठिकाणी आड येते. कुणी ‘अडलंय’ म्हटलं की तुमचा हात कीबोर्डकडे जाणार. स्टेजिंग (चाचणीच्या) सर्व्हरचा अ‍ॅक्सेस तीन दिवस सर्व्हर सांभाळणाऱ्या इन्फ्रा टीमकडे रखडला असेल तर तो तुम्ही फोन करून, जाऊन बसून सोडवा. नल पॉइंटर (कोडमधली चूक) मात्र टीमला शोधू द्या, तुम्हाला तो दहा मिनिटांत सापडणार असला तरी.

गेल्या सहा स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यांत) 24, 31, 22, 28, 26, 19 पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) पूर्ण झाले. दर वेळी 40 घेतो, उरलेलं पुढे ढकलतो. आता मॅनेजर म्हणतात, या वेळी 45 करून दाखवा. टीमला कसं पटवू?
– वाचक, नाशिक

टीमला पटवू नका, मॅनेजरना आकडेमोड दाखवा. तुमची बेरीज 150, सरासरी 25. म्हणजे 40 पूर्ण होत नव्हते तेव्हाच ते 45 मागतायत. दबाव आणलात तर मिळतीलही, कारण आज 3 पॉइंटची म्हणतात ती स्टोरी पुढच्या महिन्यात 5 ची होईल. पॉइंट हा त्या टीमचा आपापसातला अंदाज आहे. स्क्रम गाइडमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही. दोन टीमची तुलना त्यावरून करणं किंवा तो अप्रेझलमध्ये आणणं, दोन्ही सारखंच निरर्थक.

मॅनेजरना हवी असते तारीख. ती द्या, पण दोन टोकांमध्ये. बॅकलॉगमध्ये (उरलेल्या कामांच्या यादीत) 180 पॉइंट उरले असतील, तर सगळ्यात चांगल्या वेगाने (31) सहा स्प्रिंट, सरासरीने आठ, सगळ्यात वाईट वेगाने (19) दहा. दोन आठवड्यांचा स्प्रिंट धरला तर 12 ते 20 आठवडे. त्यांना 12 आठवड्यांतच हवं असेल तर पुढचा प्रश्न ‘यातलं काय गाळायचं?’ हा आहे आणि तो प्रॉडक्ट ओनरला (काय बनवायचं आणि आधी कोणतं हे ठरवणाऱ्याला) विचारायचा.

पुढच्या प्लॅनिंगला 25 च घ्या. रजाही वजा करा. समजा टीम आठ जणांची आहे, तर स्प्रिंटचे दहा कामाचे दिवस म्हणजे 80 मनुष्यदिवस. गणपतीला तिघं पाच-पाच दिवस कोकणात जाणार असतील तर उरतात 65, म्हणजे साधारण 20 पॉइंट. लवकर संपलं तर बॅकलॉगमधून वरचं उचलायला कुणी अडवलेलं नाही.

काम पुढे ढकललं जाण्याचं दुसरं कारण म्हणजे स्टोरीचा आकार. ‘रिपोर्ट डाउनलोड’ ही 13 पॉइंटची स्टोरी डेटाबेस, एपीआय (मधला जोडणारा कोड), स्क्रीन अशी कापली, तर तिन्ही होईपर्यंत ग्राहकाच्या हाती काहीच नाही. आरपार कापा: आधी फक्त एका महिन्याची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल), मग तारखांची निवड, मग पीडीएफ. पहिला तुकडा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाखवता येतो आणि कधीकधी कळतं, पीडीएफ कुणाला नकोच होती.

पाच डेव्हलपर, एक टेस्टर. स्प्रिंटचा आठवा दिवस उजाडेपर्यंत टेस्टर रिकामी, मग दोन दिवसांत सगळं तिच्या अंगावर. आणखी एक टेस्टर मागावा का?
– वाचक, मगरपट्टा

आधी उघडी कार्डं मोजा. रांगांच्या अभ्यासातला लिटलचा नियम सोपा आहे: एका कार्डाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे चालू कार्डं भागिले रोज पूर्ण होणारी कार्डं. बारा कार्डं उघडी आणि दिवसाला दीड संपतंय, तर प्रत्येकाला आठ दिवस. वेग तोच ठेवून सहाच उघडी ठेवली तर चार. कुणी जास्त राबलं नाही, तरी पहिलं कार्ड टेस्टरकडे स्प्रिंटच्या पूर्वार्धातच पोचतं.

टेस्टिंगच्या रकान्यावर ‘2’ लिहा. दोन कार्डं आत असली की तिसरं ढकलायचं नाही. हात रिकामा झालेल्या डेव्हलपरने नवीन स्टोरी घ्यायची नाही. टेस्ट डेटा तयार करायचा, ऑटोमेशन (आपोआप चालणाऱ्या चाचण्या) लिहायचं किंवा दुसऱ्याने लिहिलेलं कार्ड स्वतः तपासायचं, स्वतःचं नव्हे.

इथे कुरकुर होणार. “मी डेव्हलपर आहे, टेस्टिंग का करू?” ही एक. दुसरी वरून येते: अमुक जण आज रिकामा का दिसतोय? त्यांना एक हिशेब सांगा. कामं अनियमित येत असतील आणि माणूस 80 टक्के गुंतलेला असेल, तर रांगेच्या सगळ्यात साध्या सूत्राने त्याच्याकडे सरासरी 4 कामं साचतात. 90 टक्क्यांवर 9, 95 टक्क्यांवर 19. शेवटच्या थोड्या वेळाचा उपयोग करायला गेलं की बाकी सगळ्यांची कामं तुंबतात. दोन-तीन स्प्रिंट हे करूनही टेस्टिंगचा रकाना कायम भरलेलाच राहिला, तर टेस्टर मागा. तोवर तुमच्याकडे दाखवायला आकडेही असतील.

मी न्यू जर्सीत प्रॉडक्ट ओनर आहे, टीम पुण्यात. विचारलं की सगळे ‘हो, होईल’ म्हणतात आणि शेवटच्या दिवशी कळतं झालं नाही. रोज माझ्या सकाळी अकराला त्यांच्या स्टँड-अपला असतो, तरीही.
– वाचक, एडिसन

तुम्ही रोज असता, हेही एक कारण असू शकतं. ग्राहकाच्या बाजूचा माणूस ऐकतोय म्हटल्यावर अडचण कोण सांगणार? त्यातून तुमच्या सकाळी अकराचा कॉल म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेआठ, आणि नोव्हेंबरमध्ये तुमची घड्याळं मागे गेली की साडेनऊ. त्या वेळी माणूस ‘हो’ म्हणून फोन ठेवणार. स्टँड-अप त्यांचा त्यांना सकाळी करू द्या. तुम्ही आठवड्यातून तीनदा अर्धा तास भेटा: उन्हाळ्यात तुमचे साडेआठ, त्यांचे संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात तुमचे आठ, त्यांचे साडेसहा.

आपल्याकडे ‘हो’ म्हणजे पुष्कळदा ‘ऐकलं’ एवढंच. ‘होईल ना?’ हा प्रश्नच टाळा. ‘कशामुळे अडेल?’ विचारा. प्लॅनिंगच्या शेवटी सगळ्यांनी एकदम बोटं दाखवायची, एक ते पाच, जितकी खात्री तितकी. कुणाची दोन आली तर त्यालाच विचारा, तीन व्हायला काय लागेल. एकदम दाखवायचं कारण असं, की सीनियरची चार दिसली की ज्युनियरचीही चारच येतात.

रेट्रोला (स्प्रिंट संपल्यावर काय सुधारायचं यावरच्या बैठकीत) कुणी बोलत नाही. ‘ऑल गुड’ म्हणतात.
– वाचक, ठाणे

मागच्या वेळी बोललेल्याचं काय झालं, ते आधी तपासा. बहुतेक काहीच झालेलं नसतं. मॅनेजरना त्या खोलीत बोलावू नका. पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त चिठ्ठ्यांवर लिहायचं, एका चिठ्ठीवर एक मुद्दा, नाव नाही. मग गठ्ठे करून मतं घ्या आणि एकच गोष्ट निवडा. ‘कम्युनिकेशन सुधारू’ नको; ‘पीआर (रिव्ह्यूला पाठवलेला कोडचा बदल) 300 ओळींपेक्षा मोठा नको, बुधवारपासून’ असं हवं. जबाबदार कोण ते ठरवून तिचं कार्ड पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डावर लावा. पुढचा रेट्रो त्याच कार्डापासून सुरू करा. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला तास-दीड तास पुरे.

स्क्रम मास्टरचं सर्टिफिकेट करावं का? कोणतं?
– वाचक, कोल्हापूर

नोकरीच्या जाहिरातीत मागतात, म्हणून करा. स्क्रम अलायन्स या संस्थेच्या सीएसएमला (सर्टिफाइड स्क्रममास्टर) आधी त्यांच्या प्रशिक्षकाकडे वर्ग करावा लागतो. स्क्रम डॉट ऑर्ग या दुसऱ्या संस्थेच्या पीएसएम-1 ला (प्रोफेशनल स्क्रम मास्टर) वर्गाची सक्ती नाही, पण 60 मिनिटांत 80 प्रश्न आणि पास व्हायला 85 टक्के. तयारीसाठी महागडं काही घेण्याआधी स्क्रम गाइड वाचा, फुकट आहे आणि पंधरा पानांचंही नाही. दोनदा वाचा. दुसऱ्यांदा वाचताना तुमच्या टीममध्ये स्क्रम म्हणून चाललेल्या कोणत्या गोष्टी त्यात नाहीतच, त्यावर खुणा करत जा.