दुसऱ्यांसाठी करताना चिडचिड होते, म्हणजे माया आटली का?

सेवाकार्यात बुडालेली माणसं समुपदेशनाला येतात, तेव्हा बऱ्याच जणांच्या मनात हीच सल असते: ज्यांच्यासाठी राबतो, त्यांचाच राग येऊ लागलाय. एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी हे अगदी खाली मान घालून सांगितलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलांचा अभ्यास, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी फेरी, कुणाचे अर्ज, कुणाची भांडणं. बाई दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कामात. आमचं बोलणं चालू असतानाच फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं, फोन पालथा ठेवला आणि लगेच पुन्हा सुलटा केला. म्हणाल्या, "परवा एका मुलाच्या आईवर खेकसले. ती बिचारी आभार मानायला आली होती."

झोपेचं विचारलं, तर रात्री डोळ्यांपुढे आजाऱ्यांचे चेहरे येतात म्हणाल्या. खरी मेख इथेच होती. दुसऱ्याचं दुःख आपल्याच अंगावर घेत राहिलं की मन थकतं, आणि थकलेलं मन दूर पळू पाहतं. चिडचिड त्यातूनच येते. ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर या संशोधकांनी सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्याची वेदना स्वतः अनुभवण्याचा सराव केल्यावर लोकांना दुःखद दृश्यं पाहताना अधिक त्रास झाला. नंतर त्यांच्याकडून मायेने भलं चिंतण्याचा सराव करून घेतला, तेव्हा तो त्रास कमी झाला. म्हणून आजाऱ्याच्या दाराशी क्षणभर थांबून 'यांना बरं वाटो, आज माझ्याकडून काय होईल?' एवढंच मनात म्हणायचं, असं आम्ही ठरवलं.

पण नुसत्या सरावाने भागणार नव्हतं. मी विचारलं, "बाई, शाळा तुम्ही एकट्या चालवत होतात?"

"छे! शिक्षक होते, लिपिक होते, शिपाई होते."

"मग आता?"

बाई गप्प झाल्या. मग त्यांनीच कागद ओढला आणि वेळापत्रक आखलं. अभ्यासवर्ग दोन माजी विद्यार्थ्यांकडे, अर्जांसाठी आठवड्यातला एकच दिवस, रात्री फोन बंद. फोन बंद ठेवणं त्यांना सगळ्यात जड गेलं. 'कुणाला खरंच गरज असली तर?' या प्रश्नावर आम्ही बराच वेळ घालवला. शेवटी त्यांनी शेजारच्या एका विश्वासू बाईंचा नंबर अडीनडीसाठी लोकांना दिला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण मदतीचा हात एकाच माणसाचा असला की तो माणूस आजारी पडताच सगळंच बंद पडतं.

राग अजूनही येतो, पण तो आला की आता त्या आधी आपली झोप आणि वेळापत्रक तपासतात.

तुमचंही असंच होत असेल, तर आधी कामं वाटून पाहा. मात्र दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि जगणं नकोसं वाटू लागलं असेल, तर एक दिवसही थांबू नका.