एंडोस्कोपीत सगळ्यांना सारखंच मिडाझोलाम देऊनही कुणी जागाच राहतो आणि कुणाचं सॅचुरेशन पडतं, असं का? डोस कसा ठरवायचा?

तुमचा प्रश्न असा: एंडोस्कोपीच्या (घशातून दुर्बीण घालून तपासणीच्या) खोलीत प्रत्येक रुग्णाला २ मिलिग्रॅम मिडाझोलाम (गुंगीचं औषध) आणि ५० मायक्रोग्रॅम फेंटानिल (वेदना कमी करणारं औषध) देतात. एखादा गप्पा मारत राहतो, एखादा घोरायला लागतो आणि सॅचुरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ८५ वर येतं. असं का होतं, आणि ट्रॉलीत फ्लुमाझेनिल हा मिडाझोलामवरचा उतारा ठेवलं की पुरेसं आहे का?

पुरेसं नाही. ते का, ते पुढे लिहितो. आधी हे की 'प्रत्येकाला २ मिलिग्रॅम' हा नेमच सोडून द्या. मिडाझोलाम थोडं द्यायचं, घड्याळाकडे बघत थांबायचं, रुग्णाशी बोलायचं आणि मगच पुढचं द्यायचं. बरेच अपघात या थांबण्यात कसूर झाल्यामुळे होतात.

औषध काय करतं हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. मेंदूतल्या पेशींना शांत करणारा मुख्य संदेशवाहक म्हणजे गाबा. त्याचा ए-प्रकारचा रिसेप्टर (पेशीवरची तो बसण्याची जागा) पाच तुकड्यांचा असतो आणि मधोमध क्लोराइड आत जाण्याची वाट असते. गाबा अल्फा आणि बीटा तुकड्यांच्या सांध्यात बसतो, तर बेंझोडायझेपिन (मिडाझोलामचा औषधगट, थोडक्यात बेंझो) अल्फा आणि गॅमा तुकड्यांच्या सांध्यात. तिथे बसून ते वाट स्वतः उघडत नाही. गाबा आला की ती जास्त वेळा उघडते, एवढंच. बार्बिट्युरेट या जुन्या झोपेच्या औषधांचं तसं नाही. ते उघडलेली वाट जास्त वेळ उघडी धरतात आणि मोठ्या डोसमध्ये गाबा नसतानाही उघडतात. बेंझो म्हणजे फुंकणी: चुलीत लाकूड असेल तेवढाच जाळ वाढणार. म्हणूनच धडधाकट माणसाने एकट्या बेंझोच्या गोळ्या जास्त घेतल्या तरी श्वास सहसा पुरता थांबत नाही. पण ही सुरक्षितता एकट्या औषधाची आहे. सोबत ओपिऑइड (फेंटानिलसारखं अफूच्या गटातलं औषध), प्रोपोफॉल (भुलीचं औषध) किंवा दारू आली की ती संपली.

हे किती झपाट्याने बदलतं ते १९९० साली निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या एका अभ्यासात दिसलं. मिडाझोलाम किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम एकटं दिलं तेव्हा श्वासावर फारसा परिणाम नव्हता. फेंटानिल किलोमागे २ मायक्रोग्रॅम एकटं दिल्यावर बारापैकी सहा जणांचा ऑक्सिजन घसरला, पण श्वास कुणाचाच थांबला नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर बारापैकी अकरा जणांचा ऑक्सिजन घसरला आणि सहा जणांचा श्वास थांबला. हे सगळे तरुण, निरोगी लोक होते. तुमच्या टेबलावर ७२ वर्षांचा, दमेकरी, उपाशीपोटी आलेला माणूस असतो.

आता वेळेबद्दल, कारण मुख्य गोम इथेच आहे. मिडाझोलाम रोश कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात तयार केलं आणि अमेरिकेत ते १९८५ साली आलं. तोवर डॉक्टरांचा हात डायझेपाम या जुन्या बेंझोवर बसलेला होता. डायझेपाम शिरेत दिलं की दीड-दोन मिनिटांत मेंदूवरचा परिणाम दिसतो. मिडाझोलामला रक्तातून मेंदूत पुरतं पोचायला त्याहून वेळ लागतो. परिणाम शिगेला पोचायला तीन ते पाच मिनिटं, म्हाताऱ्या माणसात त्याहूनही जास्त. त्यात ते डायझेपामच्या दुपटी-तिपटीने जोरकस. जुन्या सवयीने एका मिनिटात 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा डोस, मग तिसरा. पाचव्या मिनिटाला तिन्ही एकदम अंगावर येतात. सुरुवातीच्या काळात अमेरिकेत एंडोस्कोपीसारख्या प्रक्रियांत मृत्यू झाले आणि त्यानंतर औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा आला. ब्रिटनमध्ये २००८ साली सरकारी रुग्णसुरक्षा संस्थेने रुग्णालयांना सांगितलं की रुग्णाला जागं ठेवून दिल्या जाणाऱ्या गुंगीसाठी १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचंच इंजेक्शन ठेवा. जास्त तीव्रतेचं आयसीयू, पूर्ण भूल आणि अंतिम टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवेसाठीच वापरा.

आपल्याकडेही दोन्ही तीव्रतेची मिळतात: १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची ५ किंवा १० मिलिलिटरची व्हायल, आणि १ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम असलेली छोटी अँप्युल. तुमच्या खोलीत छोटी अँप्युल असेल तर आजच तिची जागा बदला. दुसरं काहीच हाताशी नसेल तर ती ४ मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळून एकूण ५ मिलिलिटर करा, म्हणजे १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. सिरिंजवर औषधाचं नाव, तीव्रता आणि वेळ लिहिल्याशिवाय ती ट्रेमध्ये ठेवू नका.

डोसचं म्हणाल तर मी हा क्रम सांगेन. आधी फेंटानिल, २५ ते ५० मायक्रोग्रॅम, आणि तीन-चार मिनिटं थांबा. मग मिडाझोलाम. साठीच्या आतल्या, तब्येतीने ठीक रुग्णाला १ मिलिग्रॅम, साधारण दोन मिनिटं घेऊन, हळूहळू. पुन्हा तीन मिनिटं थांबा. लागलं तर अर्धा ते एक मिलिग्रॅम. एकूण ५ मिलिग्रॅमच्या वर जाण्याची गरज क्वचितच पडते. तिथवर येऊनही रुग्ण शांत होत नसेल तर हे औषध त्याच्यासाठी नाही असं समजा आणि भूलतज्ज्ञांना बोलवा. साठीच्या पुढे किंवा अशक्त रुग्णात अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरुवात, वाढ अर्ध्यानेच, आणि एकूण साडेतीनच्या आत. ओपिऑइड सोबत असेल तर मिडाझोलाम एरवीपेक्षा तिसरा हिस्सा ते निम्मं कमी लागतं, हे आधीच हिशेबात धरा.

कुठे थांबायचं? डोळे मिटेपर्यंत नाही. जीभ जडावली, बोलणं ओढून यायला लागलं, पापण्या जड झाल्या पण नाव घेतल्यावर 'हं' येतंय, की हात आवरा. मिडाझोलाममध्ये वेदना कमी करण्याचा गुण अजिबात नाही. रुग्ण दुखतंय म्हणून हलत असेल आणि तुम्ही मिडाझोलाम वाढवत असाल, तर मिळेल तो फक्त घोरणारा, तरीही हलणारा रुग्ण. घशात लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा नीट मारला असता तर निम्मं मिडाझोलाम वाचलं असतं, हे मी अनेकदा बघितलेलं आहे.

घोरणं म्हणजे छान झोप, असं खोलीतले लोक समजतात. तो अर्धवट बंद झालेला श्वासमार्ग आहे. आणि धोक्याचा क्षण फक्त स्कोप आत असतानाच येतो असं नाही. स्कोप बाहेर काढल्यावरही येतो. नळी घशात असताना तिचा त्रासच रुग्णाला जागा ठेवत असतो. ती निघाली, सगळे रिपोर्ट लिहायला वळले, औषध मात्र अजून पूर्ण जोरात. म्हणून शेवटची दहा मिनिटं उशाशी एक माणूस हवाच, ज्याचं दुसरं कुठलंही काम नाही.

नाकात ऑक्सिजन लावला असेल तर सॅचुरेशन ९८ दिसतं आणि श्वास मात्र मिनिटाला चार. पल्स ऑक्सिमीटर अशा वेळी उशिरा बोलतो. कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल तर लावा. नसेल तर छातीवर नजर आणि तोंडापाशी हात, हे साधं काम कुणीतरी सतत करत राहावं. सॅचुरेशन पडलंच तर आधी हाक मारून हलवा, जबडा उचला, ऑक्सिजन वाढवा, गरज पडली तर नाकातला एअरवे (श्वासमार्ग उघडा ठेवणारी नळी) घाला, अंबू बॅगने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास द्या. बहुतेक रुग्ण जबडा उचलताच सुधारतात. औषधाची अँप्युल फोडायला कुणी गेलं आणि जबडा धरायला कुणीच नाही, असं होता कामा नये.

फ्लुमाझेनिल त्यानंतर. ते बेंझोच्याच जागेवर बसून त्याला हटवतं, आणि फक्त बेंझोलाच. श्वास फेंटानिलने अडला असेल तर त्याला नॅलोक्सोन लागतं. फ्लुमाझेनिलच्या एक मिलिलिटरमध्ये ०.१ मिलिग्रॅम असतं, ०.२ मिलिग्रॅम पंधरा सेकंदांत द्या, पाऊण मिनिट थांबून जाग बघा, मग मिनिटामिनिटाने ०.२, एकूण १ मिलिग्रॅमपर्यंत. पण त्याचा अर्धायुष्यकाल (रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ) जेमतेम तासाभराचा, आणि मिडाझोलामचा दीड ते तीन तासांचा. रुग्ण टक्क जागा होतो, सगळे निर्धास्त होतात, आणि तासाभराने रिकव्हरीच्या कोपऱ्यात तो पुन्हा गुंगतो. म्हणून फ्लुमाझेनिल दिलेल्याला किमान दोन तास नजरेसमोरून हलवू नका. जो रोज अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम घेतो, झटक्यांसाठी बेंझोवर आहे, किंवा ज्याने नैराश्याच्या जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्या जास्त घेतल्या आहेत, त्याला याने झटके येऊ शकतात. ट्रॉलीतल्या अँप्युलवर विसंबू नका असं म्हणतो ते याचसाठी.

एकाच डोसला लोक इतका वेगळा प्रतिसाद का देतात, त्याचं एक कारण यकृतातलं सीवायपी ३ए४ हे एन्झाइम आहे. मिडाझोलाम तेच फोडतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, डिल्टियाझेम आणि एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाव्हिर हे एन्झाइम अडवतात. गुंगी खोल जाते आणि रेंगाळते. याउलट टीबीच्या रुग्णाचं रिफॅम्पिसिन तेच एन्झाइम इतकं वाढवतं की तोंडावाटे दिलेलं मिडाझोलाम जवळजवळ वायाच जातं. शिरेतल्या डोसवर हा परिणाम कमी, पण ओसरणं लवकर. टीबीचे उपचार आपल्याकडे घरोघरी असताना हा एक प्रश्न विचारायला विसरू नये. मिडाझोलामचा फुटलेला भागही थोडी गुंगी आणतो आणि मूत्रपिंडातून बाहेर जातो. किडनी निकामी असलेल्या रुग्णात तो साठतो. रोज दारू पिणाऱ्याला किंवा झोपेच्या गोळ्या खाणाऱ्याला नेहमीचा डोस पुरत नाही. नेमका अशाच माणसाला डोस वाढवत नेण्याचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो.

सिवियर यकृतविकारात लोराझेपाम हे दुसरं बेंझो बरं पडतं, कारण ते सरळ ग्लुक्युरोनिक आम्ल या शरीरातल्या पदार्थाशी जोडलं जाऊन निघून जातं. पण त्याचा परिणाम उशिरा सुरू होतो आणि तासन्‌तास टिकतो, त्यामुळे एंडोस्कोपीसाठी ते कामाचं नाही. डायझेपामचा अर्धायुष्यकाल २० ते ५० तास आणि त्याच्या फुटलेल्या भागाचा त्याहून लांब. शिवाय डायझेपाम पाण्यात विरघळत नसल्याने प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये येतं. हात जळतो आणि पुढे शीर दोरीसारखी कडक होते. मिडाझोलाम व्हायलमध्ये आम्ल द्रवात असतं. तिथे त्याच्या रेणूतलं एक कडं उघडं राहतं आणि ते पाण्यात विरघळतं. रक्तात जाताच कडं मिटतं, औषध चरबीत विरघळणारं होतं आणि मेंदूत शिरतं. म्हणूनच सलाइनच्या त्याच नळीतून थायोपेंटोन (भुलीचं औषध) किंवा सोडा बायकार्ब देऊ नये. अल्कली लागताच नळीत दुधी गाळ दिसतो.

काही जण गुंगण्याऐवजी बिथरतात: ओरडणं, सुया उपटणं, रडणं. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि दारूची सवय असलेले यात जास्त. पण आधी सॅचुरेशन बघा. ऑक्सिजन कमी पडल्यानेही माणूस असाच धडपडतो. ऑक्सिजन ठीक असेल तर आणखी मिडाझोलाम देऊ नका, त्याने आगीत तेल पडतं. इथे मात्र थोडं फ्लुमाझेनिल उत्तम काम करतं.

मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी एवढं सांगतो: ऑपरेशनआधी आईपासून दूर नेताना तोंडावाटे किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, वीस-तीस मिनिटं आधी. चव कडूजहर असते, म्हणून थोड्याशा गोड पारदर्शक सिरपमध्ये मिसळून द्यावं. नाकातून किलोमागे ०.२ चालतं, पण झोंबतं, आणि एकदा झोंबलं की मूल दुसऱ्यांदा हात लावू देत नाही.

वयस्कांना ऑपरेशनआधी 'भीती वाटू नये' म्हणून सरसकट बेंझो देण्याच्या मी विरोधात आहे. २०१५ साली फ्रान्समधल्या एका मोठ्या चाचणीत ऑपरेशनआधी लोराझेपाम दिलेल्या रुग्णांचं समाधान न दिलेल्यांपेक्षा वाढलं नाही, उलट ऑपरेशननंतर श्वासाची नळी काढायला जास्त वेळ लागला. घाबरलेल्या आजोबांच्या शेजारी पाच मिनिटं बसून काय होणार ते सांगणं अधिक उपयोगी.

शेवटी घरी पाठवताना. मिडाझोलाम दिल्यानंतरचं रुग्णाला आठवत नाही, आधीचं आठवतं. म्हणून संमतिपत्रावर सही औषधाच्या आधी घ्या, नंतरची सही निरर्थक. रिपोर्ट, गोळ्या आणि पथ्य रुग्णाला एकट्याला सांगू नका, कारण तो मान हलवेल, नीट उत्तरंही देईल आणि संध्याकाळी म्हणेल की डॉक्टर काही बोललेच नाहीत. नातेवाइकांना समोर बसवून सांगा आणि कागदावर लिहून द्या. चोवीस तास गाडी नाही, दारू नाही, महत्त्वाच्या कागदांवर सह्या नाहीत. स्कूटरवर एकटा आलेल्या रुग्णाला मिडाझोलाम देऊच नका. फवारा मारून जागेपणी स्कोपी करा, नाहीतर सोबत कुणाला घेऊन यायला सांगून दुसरी तारीख द्या.