होडीला आतलं इंजिन सोडून लोक मागं लटकवायची मोटर का घेतात?

प्रश्न विचारणाऱ्यांनी खाली जोडलंय की त्यांना तलावात चालवायला 18 फुटी फायबरची होडी घ्यायचीय, आणि "डिझेलचं आतलं इंजिन इतकं टिकतं, तर लोक त्या आउटबोर्ड मोटरीवर पैसे का घालतात?" हेच वाक्य माझे दाजी 2018 पासून घरातल्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत बोलतात. तेव्हा उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

आमचं पाणी म्हणजे नाथसागर, जायकवाडीचं. धरण भरलं की काही ठिकाणी पल्याडचा काठ दिसत नाही, आणि बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं केवढं खोल असेल. खोल नाही. परातीसारखं पसरट आहे. त्यामुळं पाणी हातभर उतरलं की काठ कितीतरी मागं सरकतो, लोक उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करून हरभरा-गहू काढतात, आणि आम्ही होडीवाले जीव मुठीत धरून चालतो. कारण खाली जुनी गावं आहेत. घरांची जोती, विहिरींचे कठडे, बाभळीचे खुंट. धरण भरलेलं असताना त्यांच्यावरून खुशाल जावं. पाणी उतरलं की तेच फूटभर पाण्याखाली दबा धरून बसतात, आणि गढूळ पाण्यात वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

माझं काम मासे गोळा करायचं. मासेमारांच्या तळावरून रोहू, कटला, मृगळ क्रेटमध्ये भरायचा, वर बर्फ टाकायचा आणि सकाळी आठच्या टेम्पोला काठावर द्यायचा. टेम्पो चुकला की माल निम्म्या भावाचा.

दाजींचं तालुक्याच्या गावात लेथ-वेल्डिंगचं दुकान आहे. माणूस कारागीर, यात वाद नाही. पंचक्रोशीतले अर्धे पंप त्यांच्या हातून गेलेत. मी 2018 मध्ये होडी केली आणि जुनी आउटबोर्ड बघायला मुंबईकडं जातो म्हणालो, तर म्हणाले, "येवढ्याशा डब्याला येवढे पैसे? आरं, माझ्याकडं विहिरीवरचं 5 एचपीचं इंजिन पडून हाय. शाफ्ट मी वळतो, पंखा मी करतो. तुला फक्त डिझेल टाकायचंय." वडील लगेच हो म्हणाले. आक्का म्हणाली, "घरचा माणूस करतोय तर बाहेर कशाला पैसे घालायचे." बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची आमच्याकडं सोय नसते.

ते इंजिन होडीत ठेवायला चार माणसं लागली. फ्लायव्हीलसकट दोन क्विंटलच्या आसपास असेल. होडीच्या बरोबर मधोमध चॅनेलचा बेड, तिथून मागं तिरपा शाफ्ट, तळातून भोक पाडून ग्लँड (शाफ्टभोवती दोरी कोंबून पाणी अडवतात ती), बाहेर पंखा, त्याच्या मागं पत्र्याचं सुकाणू. नारळ फोडला, हँडल मारलं, आणि चालली की! ठकठकठक. पल्याडच्या शेवगाव तालुक्यात कळत असेल आम्ही निघालो म्हणून.

आता पहिली गंमत. विहिरीवरच्या इंजिनाला गिअर नसतो. इंजिन सुरू झालं की पंखा फिरणार आणि होडी निघणार, तुम्ही बसलेले असा नाहीतर नसा. थांबायचं तर इंजिन बंद करायचं, आणि मागं जायची तर गोष्टच सोडा. काठ जवळ आला की अंदाजाने बंद करायचं, आणि अंदाज चुकला की होडी चिखलात घुसायची. (होडीला गिअरबॉक्स बसवतात, सगळीकडं बसवतात. पण त्याच्या पैशात अर्धी आउटबोर्ड येते, हे मी तेव्हाच म्हणालो होतो.)

दुसरी गंमत ग्लँडची. ज्याच्या शेतात पंप आहे त्याला माहीत आहे की ग्लँड थेंबथेंब गळायलाच पाहिजे. फार आवळली तर दोरी जळते, शाफ्टला चर पडतो. पंपाची ग्लँड गळते ती जमिनीवर. होडीची गळते ती होडीत. दर खेपेला डब्याने पाणी उपसायचं. आणि जिथं 20 क्रेट बसायचे तिथं 12 बसायला लागले, कारण होडीची सगळ्यात चांगली जागा इंजिनाने धरलेली.

2018 च्या पावसाने दगा दिला होता, 2019 उजाडेपर्यंत धरण पार खाली गेलेलं. फेब्रुवारीतली पहाट. मी आणि चुलतभाऊ, दोन क्विंटल माल. रोजची वाट, पण रोजची वाट ही भरल्या धरणातली होती. धाड्‌ करून आवाज आला आणि इंजिन गुदमरून बंद पडलं. आधी वाटलं इंजिनाचंच काही तुटलं. मग पायाला गार लागलं. पंखा विहिरीच्या कठड्याला अडकला होता, शाफ्ट वाकला होता, वाकताना त्याने ग्लँड उचकटली होती, आणि तळातल्या भोकातून पाणी आत येत होतं.

मी गळ्यातला गमछा भोकात कोंबला आणि वर टाच दाबून बसलो. भाऊ क्रेटने पाणी फेकत होता. पंखा अजून दगडात, म्हणजे होडी हलेना. होडी जड म्हणून हलेना, आणि जड कशामुळं तर इंजिनामुळं. पाण्यात उतरून, खांदा लावून ती सोडवली, आणि मग एक वल्हं आणि एक क्रेटचं झाकण घेऊन काठ गाठायला तीन तास लागले. टेम्पो कधीच गेला होता. बर्फाचं पाणी झालं होतं. कटल्याच्या कल्ल्यांचा रंग बघून व्यापाऱ्याने हातही लावला नाही.

संध्याकाळी दाजी आले. सगळं बघितलं, हँडल मारलं, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. म्हणाले, "इंजिनाला काय झालं का? न्हाई ना? मग!"

त्या "मग"वर मी सहा महिने त्यांच्याशी बोललो नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर या "मग"मध्येच आहे. होडीत इंजिन एकटं नसतं. त्याच्याबरोबर शाफ्ट, ग्लँड, सुकाणू आणि तळातलं भोक येतं, आणि ते सगळं पाण्याखाली कायमचं रुतलेलं असतं. आउटबोर्डमध्ये इंजिन, गिअर, पंखा आणि सुकाणू मिळून एकच वस्तू आहे, ती मागच्या फळीला दोन स्क्रूंवर अडकवलेली, आणि पंखा पाण्याबाहेर काढता येतो. माझ्या दृष्टीने बाकी सगळे फायदे याच्या मागून येतात.

नंतर मी मुंबईकडून जुनी 9.9 एचपीची टू-स्ट्रोक आणली. पुढं एकदा पाणी उतरलेलं असताना असाच दणका बसला, बाभळीच्या खुंटाचा. मोटर मागून उसळली, पंख्याने हवेत घर्रर्र केलं, परत पाण्यात पडली. एका पात्याला चिमटा बसला होता, तो घरी कानशीने घासला. बस. पंख्याच्या आत रबरी बुश असते, ती दणका खाते आणि गिअर वाचवते. अगदी लहान मोटरींत त्याच कामाला पिन असते, ती तुटते, म्हणून दोन पिना खिशात ठेवायच्या. एक ध्यानात ठेवा, रिव्हर्स टाकला की मोटर लॉक होते आणि उसळत नाही. उथळ पाण्यात मागं जाताना दगड लागला तर सरळ मोटरीचा पाय, म्हणजे पाण्यातला खालचा भाग, मोडेल. हळू जा.

जाळ्याचंही तेच. पंख्यात जाळं गुंतलं तर मोटर उचलायची, होडीत बसल्या बसल्या कोयत्याने कापायचं. आतल्या इंजिनाला बुडी मारावी लागते, आणि जानेवारीच्या पहाटे मारून बघा. वळायचं म्हणाल तर पंखाच वळतो, होडी जागच्या जागी फिरते. मात्र गॅस सोडला की वळणं संपलं, कारण वेगळं सुकाणू नाही. नवीन माणूस काठाजवळ घाबरून गॅस सोडतो आणि सरळ जाऊन आदळतो.

रात्री मोटर खांद्यावर टाकून घरी आणता येते. चाळीस किलोच्या आतबाहेरचं वजन, गव्हाच्या कट्ट्याएवढं. पुरात एनडीआरएफवाले येतात त्यांच्या रबरी बोटींना हीच असते, ओबीएम म्हणतात ते, म्हणजे आउटबोर्ड मोटर. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला तेव्हा टीव्हीवर बघितलंच असेल तुम्ही. ट्रकमधून बोट काढली, हवा भरली, मोटर अडकवली, निघाले. दाजींनाही दाखवलं मी. ते म्हणाले, सरकारी पैसा आहे.

या मोटरीच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. अमेरिकेत मिलवॉकीला ओले एव्हिनरूड नावाचा एक मेकॅनिक होता. तळ्याकाठच्या सहलीत मैत्रिणीसाठी आइस्क्रीम आणायला वल्हं मारत गेला आणि परत येईतो आइस्क्रीम वितळलं. मग त्याने होडीला अडकवायची मोटर बनवली आणि 1909 मध्ये विकायला काढली, दीड एचपीची. बाहेरची मोटर त्याच्या आधीही कुणी कुणी केली होती, पण धंदा याचा चालला. गोष्ट खरी असो नसो, बर्फ वितळल्याचं दुःख काय असतं ते मला विचारा.

आता दाजींची बाजू, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. ते डिझेल तासाला लिटर-सव्वा लिटर प्यायचं. माझी टू-स्ट्रोक पूर्ण गॅसवर चार लिटर पेट्रोल पिते, वर लिटरला 20 मिली ऑइल मिसळायचं ते वेगळं. विहिरीवरच्या इंजिनाचा पार्ट कुठल्याही तालुक्याला मिळतो. माझ्या मोटरीला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे आतली फिरती चकती, संभाजीनगरातसुद्धा मिळाला नाही, मुंबईहून मागवला, आठ दिवस धंदा बंद. जलपर्णी किंवा प्लॅस्टिक पाणी ओढायच्या तोंडाला बसलं की मोटर तापते, म्हणून मागून पाण्याची बारीक धार पडतेय का याच्यावर कायम एक डोळा. आणि खोल पाण्यात, जड माल घेऊन दिवसभर चालायचं असेल तर आतलंच डिझेल बरं. कोकणातल्या ट्रॉलरला, गेटवे-मांडव्याच्या लाँचला आतलंच असतं, आणि ते लोक वेडे नाहीत. पण नाथसागरात ट्रॉलर चालत नाही, एवढंच मी दाजींना आठ वर्षं सांगतोय.

तुमच्या 18 फुटीला मोटर घेण्याआधी मागच्या फळीची उंची मोजा. 15 इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, 20 असेल तर लाँग. उलटं घेतलंत तर एकतर पंखा हवा ओढेल नाहीतर पाय उगाच खोल लोंबेल. एचपी किती ते होडी करणाऱ्याला विचारा, मी बघितल्याशिवाय सांगणार नाही. माल पुढच्या बाजूला ठेवा, नाहीतर होडी तोंड वर करून चालेल.

आणि मोटरीला साखळी बांधा. दाजी इथं नाहीत म्हणून सांगतो. 2021 मध्ये माझे क्लँपचे स्क्रू हादऱ्याने ढिले झाले आणि एका वळणावर मोटर फळीवरून उठून माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेली. दोरी नाही, साखळी नाही. आमच्यातल्याच एका पोराने बुड्या मारून तासाभरात काढली, पाणी उथळ म्हणून. अशी मोटर निघाली तर उन्हात वाळवत ठेवू नका. लगेच प्लग काढा, पाणी झटका, सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, दोरी ओढून फिरवा आणि त्याच दिवशी चालू करा. माझी चौथ्या झटक्याला सुरू झाली. घरी सांगितलं की क्रेट पडला होता.

ते 5 एचपीचं इंजिन अजून दाजींच्या विहिरीवर आहे, उत्तम चालतं. वाकलेला शाफ्ट मी परत दिला नाही. आमच्या गोठ्यात रोवलाय, वासरू बांधायला.