ट्रकचा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या खाली-वर हालचालीने फिरणारा इंजिनातला वळणदार दांडा) ओतीव न करता फोर्जिंगनेच का बनवतात?

मुख्य कारण ग्रेन फ्लो, म्हणजे धातूच्या कणांची एका दिशेने लागलेली रचना. ओतकामात धातू साच्यात थिजताना आत बारीक पोकळ्या राहू शकतात आणि कणरचनेला ठरावीक दिशा नसते. फोर्जिंगमध्ये पोलादाचा बिलेट (ठोकळा) सुमारे १२०० अंश सेल्सिअसला तापवून डायमध्ये (दोन भागांच्या साच्यात) दाबतात. पोकळ्या मिटतात आणि धातूचे तंतू क्रँकच्या वळणांबरोबर वळतात. शाफ्ट उभा कापून, पॉलिश करून ॲसिडने एच केला (पृष्ठभाग किंचित खाऊ दिला) की या रेषा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. संधी मिळाली तर जरूर बघा! इंजिनात कोट्यवधी वेळा उलटसुलट ताण सोसायचा तर ही रचना फार कामी येते. डायच्या फटीतून बाहेर आलेली फ्लॅश (जादा धातू) नंतर ट्रिम करतात, म्हणजे कापून टाकतात. छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र ओतीव बिडाचे क्रँकशाफ्टही चालतात, स्वस्त पडतात.